कडेचं हिरवं

“काळ्याकडे बघू नका, सर. कडेला बघा,” ती म्हणाली, आणि मी भिंगावरचा डोळा न काढता नुसतं “हं” म्हणालो. निवृत्त माणसाला हा ‘हं’ फार उपयोगी पडतो. त्यात होकार असतो, थोडी पाठदुखी असते, आणि समोरच्याचं वाक्य आपल्याला नेमकं कुठं लागलं ते त्यात दिसत नाही. ती म्हणजे आता माझ्या जुन्या प्रयोगशाळेची प्रमुख. पंचवीस वर्षांपूर्वी माझी पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. तेव्हा तिला आम्ही घड्याळबाई म्हणायचो, कारण कशालाही हात लावला की ती वहीत वेळ टिपून ठेवायची. शिंकली तरी टिपत असावी. सकाळी तिचा फोन आला होता, “सर, एक गंमत दाखवायचीय, या.” निवृत्तीनंतरच्या पाच वर्षांत मला गंमत दाखवायला कुणी बोलावलं नव्हतं. लोक फार तर पाणी गरम करायचा बंब बिघडला की बोलवायचे, कारण मी शास्त्रज्ञ. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

भिंगाखाली काचेची बशी होती, बशीत गुलाबी खाद्यद्रव, द्रवात निम्मा बुडालेला अगारच्या जेलीचा चौकोनी ठोकळा, आणि ठोकळ्याच्या माथ्यावर, पाटावर बसल्यासारखा, उंदराच्या चार दिवसांच्या पिल्लाच्या वृषणाचा एक तुकडा. टाचणीच्या डोक्याएवढा. मध्ये काळपट. तो काळपटपणा मी भर गर्दीत ओळखला असता. अकरा वर्षं मी तो दर आठवड्याला पाहिला होता आणि अकरा वर्षं त्याला एकच नाव दिलं होतं. मेला. आज त्याच्या कडेने हिरवी रेघ होती. सलग नव्हे; कुठं जाड, कुठं तुटक, रात्री विमानातून दिसणाऱ्या किनाऱ्यासारखी. हे उंदीरच असे तयार केलेले की त्यांच्या बीजपेशीने शुक्रपेशी व्हायच्या वाटेवर पाऊल टाकलं की ती हिरवी चमकते. म्हणजे पेशी स्वतःच हात वर करून सांगते, मी निघाले. आमच्या वेळी पेशी असं काही सांगत नसत. आम्हीच त्यांच्या वतीने बोलायचो.

“हा तुकडा सहा वर्षं गोठवून ठेवलेला, सर,” घड्याळबाई म्हणाली. “वितळवला आणि ठोकळ्यावर ठेवला. सदतिसाव्या दिवशी पूर्ण तयार शुक्रपेशी. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी.”

“आणि पुढे?”

“पुढे एकेक पेशी उचलून एकेका अंड्यात सोडली. सात पिल्लं झाली. शेजारच्या खोलीत आहेत. त्यांतल्या दोघांना तर आता स्वतःची पिल्लं झालीत.”

“म्हणजे नातवंडं,” मी म्हणालो. ती हसली. मीही हसलो, आणि तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. सुनेचा संदेश होता. ‘बाबा, उद्या नव्या डॉक्टरांकडे जायचंय. याच्या लहानपणीच्या आजारपणाची फाईल लागेल. हा संध्याकाळी कामावरून येताना घेऊन जाईल. सगळे कागद असू द्या हं, एकही काढू नका, डॉक्टर फार चिकित्सक आहेत.’ खाली एक हसरं तोंड. माझी सून प्रत्येक संदेशाखाली हसरं तोंड टाकते. चार वर्षं मूल होत नाही म्हणून जिथं जिथं तपासायला जाते तिथूनसुद्धा टाकते. मी फोन खिशात ठेवला आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला, कारण डोळा लावलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

आमच्या वेळी एक पद्धत होती. शुक्रवारी दुपारी चार वाजता इन्क्युबेटरमधून सगळ्या बश्या बाहेर काढायच्या, एकेक भिंगाखाली धरायची, आणि ज्या तुकड्याचा मध्य काळा पडला असेल तो मेला असं समजून डब्यात टाकायचा. शनिवार-रविवार मेलेल्यांची उस्तवार कशाला, असा त्यामागचा कार्यालयीन विचार होता. ही पद्धत मीच घातली. पुढे तर प्रत्येक वेळी लिहायचा कंटाळा म्हणून मी एक रबरी शिक्का करून आणला, ‘काळा. टाकला.’ वहीत बशीचा क्रमांक, त्यापुढे तारीख, त्यापुढे ठप्प. शिक्का मारायला माणसाला एक प्रकारचं समाधान वाटतं. ज्यांनी सरकारी खात्यात काम केलंय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. तुकड्याचा मध्य काळा का पडतो हे मला माहीत होतं. खालून ठोकळ्यातून अन्न झिरपतं, वरून हवा लागते. मधल्याला ना खालचं पोचत ना वरचं, मधल्या भावासारखं. पण कडेला दोन्ही मिळतं. हेही मला माहीत होतं. माहीत असणं आणि शुक्रवारी चार वाजता आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि ती विचारायला आली होती. घड्याळबाई. पहिल्या वर्षाची, दोन वेण्या, हातात बशी. “सर, मध्ये गेलंय, पण कडेला अजून जिवंत दिसतंय. राहू देऊ का दोन आठवडे?” मी मान वर न करता म्हणालो होतो, “बाळ, कडेचं सगळंच जिवंत दिसतं. पेन्शनरांच्या सभेत जाऊन बघ.” सगळी खोली हसली. माझ्या विनोदांना तेव्हा खोली हसायची. मी विभागप्रमुख होतो. तीही हसली आणि तिने बशी डब्यात पालथी केली. वेळ टिपली असणारच.

“तुमच्या त्या शिक्क्याच्या वह्या मी ठेवल्यात बरं का, सर,” आता ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी त्याला टोमण्याने उत्तर दिलं असतं. ते मला जमतं. मी विचारलं, “नेमकं काय बदललंत तुम्ही?” ती म्हणाली, “दोनच गोष्टी. खाद्य बदललं. आणि थांबलो.” मग माझ्याकडे बघून घाईघाईने, “तुमच्या वेळी हे खाद्य नव्हतंच ना, सर. तुम्ही थांबला असतात तरी अर्ध्या वाटेवर अडलं असतं.” अडलं असतं खरं. पण अर्ध्या वाटेवर अडलेलं आणि मेलेलं यांना मी एकच शिक्का मारला होता. जाताना मी तिला विचारलं, अगदी सहज, छत्री विसरल्यासारखं, “माणसाचं काय? लहान मुलांचं ठेवतात ना असं गोठवून, औषधं सुरू करायच्या आधी?” तिने मान हलवली. “बऱ्याच ठिकाणी ठेवतात. माणसाचं अजून जमलेलं नाही, सर. जमेल की नाही तेही सांगता येत नाही. पण मुलं लहान असतात ना, त्यांना वेळ असतो. आईबाप ठेवून जातात.” तिला माझ्या घरातलं माहीत नव्हतं. मुलगा आजारी होता एवढं माहीत होतं, तेव्हा तिने त्याला कागदाचा उंदीर करून पाठवला होता.

तुमच्या वेळी हे खाद्य नव्हतंच, हे समाधान मला बसच्या तीन थांब्यांपर्यंत पुरलं. ज्येष्ठांच्या राखीव जागेवर एक तरुण झोपेचं सोंग घेऊन बसला होता. मी त्याच्या डोक्याशी उभा राहून त्याच्या सोंगाचा अभ्यास करत होतो. पापणी हलत होती. कडेला जिवंत. चौथ्या थांब्याला मला वाटलं, प्रश्न खाद्याचा नाहीच. उंदरांचं जे व्हायचं ते झालं असतं. उंदरांसाठी माणूस इस्त्रीच्या शर्टात घामाघूम होत नाही. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं होतं, “मुलगा नेमकं काय करतो?” माझे वडील अभिमानाने म्हणाले, “उंदरांच्या वंशवृद्धीवर संशोधन.” सासरे बराच वेळ विचार करून म्हणाले, “उंदरांची वंशवृद्धी कमी आहे असं तुम्हाला कुठं आढळलं?” पडद्याआड बायको हसली होती, म्हणजे तेव्हा बायको नव्हती, आणि मी त्या हसण्याशीच लग्न केलं. हा किस्सा मी शेकडो वेळा सांगितलाय. गेल्या चार वर्षांत एकदाही नाही. वंशवृद्धी या शब्दाशी आलो की जीभ आपोआप दुसरीकडे वळते, खड्डा ओळखीचा झालेल्या सायकलीसारखी.

मुलगा वाचला. हे मी आधी सांगायला हवं होतं, पण गेली बावीस वर्षं मी ते इतक्या वेळा आधी सांगितलंय, स्वतःला, की आज जरा मागे ठेवावंसं वाटलं. नऊ वर्षांचा होता. रक्ताचा कॅन्सर, आणि तोही एकदा जाऊन परत आलेला, म्हणून डॉक्टर शेवटचं जालीम औषध देणार होते. त्या इस्पितळात दोन लिफ्ट होत्या, एक माणसांची आणि एक स्ट्रेचरची, आणि हा सलाईनचा खांब हातात धरून दिवसभर त्यांच्यासमोर उभा राहायचा. कुठली कधी येते, कुठली कुठं अडते, कुठलीचं दार दोनदा आपटतं, सगळं त्याला पाठ. आज तो लिफ्टच दुरुस्त करतो. तेव्हा हा केस गेलेला, पांढराफटक, आणि लिफ्टवाल्याला सांगतोय, “काका, तुमची तिसऱ्या मजल्यावर कुरकुरते.” त्याच लिफ्टसमोरच्या बाकावर डॉक्टरीणबाईंनी मला संमतीचा कागद दिला. बारीक चणीच्या, कायम दमलेल्या बाई. म्हणाल्या, “या औषधाने पुढे मूल होण्याची शक्यता बहुधा जाईल. मोठा मुलगा असता तर शुक्रपेशी आधी काढून ठेवल्या असत्या, पण नऊ वर्षांच्या मुलात त्या अजून तयारच नसतात. म्हणून एक छोटा तुकडा काढून गोठवून ठेवायचा. सलाईनच्या नळीसाठी भूल द्यायचीच आहे, त्यातच होईल. त्याचं पुढे काय करायचं हे आज कुणालाच माहीत नाही. पण त्याला गरज पडेल तेव्हा वीस-पंचवीस वर्षं गेलेली असतील.” मग थांबून म्हणाल्या, “तुम्ही तर याच विषयातले. तुम्हाला काय वाटतं?”

जगात फार थोड्या बापांना तो प्रश्न इतक्या योग्य पत्त्यावर विचारला गेला असेल. तिथं एखादा वाणी असता, शिंपी असता, बसचा कंडक्टर असता, तर त्याने विचारलं असतं, “सही कुठं करायची?” मी म्हणालो, “हे कधीच होणार नाही. मी अकरा वर्षं हेच करतोय.” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बरं. दोघांचीही सही लागते. बाईंशी बोला. उद्या सकाळपर्यंत सांगा.” आणि कागद परत घेऊन गेल्या.

बायको म्हणाली, “ठेवून तर देऊ. फ्रीजमध्ये आपण काय काय ठेवतो वर्षानुवर्षं.” तेव्हा मी तिला समजावून सांगितलं. तिथंच बाकावर, औषधांच्या रिकाम्या पाकिटाच्या मागे आकृती काढून. तुकडा असा, खालून अन्न असं, वरून हवा अशी, आणि मध्ये हे बघ, असं होतं. दर वेळी होतं. विनाकारण पोराला आणखी एक जखम. तिने एकही प्रश्न विचारला नाही. मी आयुष्यात एवढी व्याख्यानं दिली, पण इतकं पूर्ण कळलेलं दुसरं आठवत नाही. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आमचं नाही ठरलं. ‘आमचं’ म्हणालो. बोलताना आपोआप तोंडात येतं तसं.

खरं कारण जखमेचं नव्हतं. पोराच्या हाताला टोचायला जागा उरली नव्हती, तिथं आणखी एका टाक्याचं मला काय एवढं? बस सिग्नलला थांबली होती, आणि पुढच्या काचेवरचा पुसणारा दांडा कोरड्या काचेवर उगाचच फिरत होता. मला वाटतं, मी तो कागद वाचला आणि मला शुक्रवार दिसला. चार वाजले आहेत, बशी माझ्या हातात आहे, आणि बशीवरच्या चिठ्ठीवर माझ्याच पोराचं नाव आहे. हे कारण मी बरीच वर्षं वापरलं. ते हळवं आहे, बापाला शोभतं. पण त्याच्या खाली आणखी एक होतं, आणि ते आज हिरवी रेघ बघेपर्यंत मी हाताने दाबून धरलं होतं. त्या कागदावर सही करायची म्हणजे, मला जे अकरा वर्षं जमलं नाही ते पुढे दुसऱ्या कुणाला तरी जमेल, हे लेखी मान्य करायचं. बास. एवढंच. मी पोराच्या बाजूने नव्हतो आणि विरुद्धही नव्हतो, मी माझ्या शिक्क्याच्या बाजूने होतो. पुढच्याच वर्षी मी तो विषय सोडून दिला आणि खरेदी समितीचा अध्यक्ष झालो. काचेच्या बश्या कुठल्या कारखान्याच्या घ्याव्यात यावर माझं मत आजही मागवतात.

झोपेचं सोंग घेतलेला तरुण एकदम उठला आणि “बसा काका” म्हणाला. माझा थांबा आला होता.

घरी फाईल टेबलावर काढून ठेवलेली होती. बायको ग्रंथालयात नोकरीला होती. निवृत्त झाली तरी तिच्या हाताखालची वस्तू आपोआप जागेवर जाऊन बसते. जाड निळी फाईल, कण्यावर मुलाचं घरातलं नाव आणि वर्ष. ती स्वयंपाकघरात ओटा पुसत होती.

“सूनबाईने तुलाही फोन केला वाटतं,” मी म्हणालो.

“तुमच्यावर भरवसा ठेवून बसणारी नाहीय ती. काय दाखवलं प्रयोगशाळेत?”

“उंदीर.”

“चाळीस वर्षांत नवीन काही नाहीच,” ती म्हणाली. ओटा पुसायचा आवाज चालू राहिला. मग, “जमलं का त्यांना?”

“जमलं.”

आवाज थांबला. थोड्या वेळाने परत सुरू झाला.

मी फाईल उघडली. पहिले रक्ताचे अहवाल, मग औषधांचे तक्ते, मग कुठल्याशा तक्त्याच्या मागे पोराने काढलेलं लिफ्टचं चित्र. लिफ्टमध्ये एक माणूस, एक सलाईनचा खांब, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर हसू. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात बायकोने पेन्सिलीने क्रमांक घातला होता. त्रेचाळिसावा कागद तो होता. मला वाटत होतं तो कोरा असेल. बावीस वर्षं मी तो मनात कोराच बाळगला होता, आणि कोऱ्या कागदाचं एक बरं असतं, त्यात दोघांचाही वाटा सारखाच असतो. खाली दोन रेघा होत्या. दुसरी कोरी होती. पहिल्यावर निळ्या शाईत बायकोची सही होती, पूर्ण नावाची, ठसठशीत, नव्या सभासदाला कार्ड देताना करायची तशी. तारीख त्याच दिवसाची.

“ही सही कधी केलीस तू?”

ती हात पुसत दाराशी आली. “त्याच दिवशी. डॉक्टरीणबाई तुमच्याशी बोलून निघाल्या, त्या खाली मला भेटल्या. कागद दिला, तिथंच केली. मग तुमच्याकडे आले.”

“मला दाखवली नाहीस.”

“तुम्ही आकृती काढायला लागलात ना.” ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, पुस्तक दुसऱ्याने नेलंय म्हणावं तशी. “एवढं ज्याला माहीत आहे त्याच्यापुढे आपली सही काय काढायची, असं वाटलं. घडी करून पर्समध्ये ठेवली.”

“मग फेकून का नाही दिलीस?”

“फेकायचं खातं तुमचं. माझं ठेवायचं,” ती म्हणाली आणि आत गेली.

चव्वेचाळिसावा कागद म्हणजे ते पाकीट होतं. तेही तिने ठेवलं होतं. मी काढलेलं वर्तुळ, खालून बाण, वरून बाण, आणि मध्ये मी पेनाने गिरवून गिरवून केलेलं काळं, इतकं की कागदाला भोक पडायच्या बेताला आलं होतं. त्याच्या भोवती एक पट्टी कोरी होती. सगळीकडून, सारख्या जाडीची, काळजीपूर्वक सोडलेली. माझ्या हाताला ती माहीत होती.

मी पाकीट परत लावलं. त्रेचाळिसाव्याची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. विचार करून ठेवली असं म्हणता येणार नाही. चष्मा ठेवतो तशी ठेवली. डॉक्टरांना त्याचा काय उपयोग? जे केलंच नाही त्याच्या कागदाने कुणाचं निदान होत नाही. पोराला उगाच नवं दुःख कशाला, असलेलं काय कमी आहे? हे सगळे मुद्दे मला इतक्या चटकन सुचले की मी स्वतःच चपापलो. असे भराभर मुद्दे मला यापूर्वी एकदाच सुचले होते, लिफ्टसमोरच्या बाकावर. मग बेल वाजली.

मुलगा कामाच्या कपड्यांतच आला होता, बाहीला वंगण, खांद्याला हत्यारांची पिशवी. तो माझ्याहून वीतभर उंच आहे. जालीम औषधाने त्याचं काय काय घेतलं, पण उंची घेतली नाही. “आई, काही खायला करू नकोस, मी लगेच निघतोय,” असं म्हणून तो बसला आणि फाईल पुढे ओढली.

“घरी जाऊन बघ ना सावकाश,” मी म्हणालो.

“तिने सांगितलंय, बाबांच्या समोर मोजून घे. म्हणते, शास्त्रज्ञ माणूस, मधलाच एखादा कागद संदर्भाला काढून ठेवतील.” तो हसला. “तिचं काही खरं नाही, बाबा. पण बोलणी कुणी खायची?”

आणि त्याने पेन्सिलीच्या क्रमांकांवर बोट ठेवून कागद उलटायला सुरुवात केली. लिफ्टच्या देखभालीच्या वहीत हे लोक असंच बघतात. एक नोंद गाळलेली दिसली की दोर तपासतात. चित्र आलं तेव्हा थांबला. “अरे, ही तर डाव्या बाजूची. हिचं दार आपटायचं.” पुढे गेला. अठ्ठावीस, एकोणतीस. त्याचं बोट जाड आहे, नखाच्या कडेला काळं कायमचं बसलंय. मी त्या बोटाकडे बघत होतो. स्वयंपाकघरात नळ चालू होता. छत्तीस. सदतीस. मी म्हणालो, “चहा तरी घे.” तो “नको” म्हणाला. अडतीस, एकोणचाळीस. चाळिसाव्या कागदाला मला सद्बुद्धी झाली. ती पहिल्याच कागदाला झाली असती तर जास्त शोभलं असतं, पण तेव्हा बोट फार लांब होतं. मी खिशातून घडी काढली, उलगडली आणि त्याच्यासमोर ठेवली.

“हा मी काढला होता,” मी म्हणालो.

त्याने तो वाचला. तो वाचतो हळू, ओठ किंचित हलवत. सूचनापत्रकं वाचायची सवय. मग म्हणाला, “माझा तुकडा?”

“हो.”

“ठेवला होता?”

“नाही.”

“का?”

मी तयार केलेली कारणं रांगेत उभी होती. पहिलं खाद्याचं, मग जखमेचं, मग हळवं. मी म्हणालो, “मी नको म्हणालो. मला वाटलं हे कधीच होणार नाही. कारण मला जमत नव्हतं.”

“आता जमतं?”

“उंदरांत जमतं. आज बघून आलो. माणसाचं अजून नाही.”

“अजून नाही,” तो म्हणाला. शब्द हातात घेऊन वजन बघावं तसा म्हणाला. “म्हणजे ठेवला असता तरी आज काही...”

“आज काही नाही. पण असता.”

तो बराच वेळ कागदाच्या खालच्या भागाकडे बघत राहिला. “आईची सही आहे,” म्हणाला. नळ बंद झाला होता. केव्हा झाला ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्याने दुसऱ्या, कोऱ्या रेघेवर बोट ठेवलं, आणि मला वाटलं आता तो ओरडेल, आणि मला त्याचं जरा बरंही वाटलं, कारण ओरडणाऱ्या माणसाला शांत करायचं असतं, आणि ते काम मला येतं. तो ओरडला नाही. त्याने फाईलीतले पुढचे कागद उलटून पाकीट बघितलं, काळं वर्तुळ बघितलं, ते माझ्या हातचं आहे हे ओळखलं. मग कामावर एखाद्या घरमालकाला विचारावं तशा आवाजात विचारलं,

“किती काढणार होते?”

अकरा वर्षं मी ते मापत आलो होतो. मिलिमीटरमध्ये सांगता आलं असतं. मी डाव्या हाताची करंगळी पुढे केली आणि अंगठ्याचं नख तिच्या टोकाशी टेकवलं, अगदी टोकाशी, जेवढं राहतं तेवढं.

“एवढा,” मी म्हणालो.

त्याने माझा हात धरला आणि दिव्याकडे नेला, हरवलेला बारीक स्क्रू सापडला की नेतात तसा. त्याच्या हाताला वंगणाचा वास होता. तो वाकून बघत राहिला. तिथं काही नव्हतं, माझं नख आणि करंगळीची कड, पण तो बघत राहिला.

“एवढाच?” तो म्हणाला.

‘हं’ अगदी ओठांवर आला होता.

“एवढाच,” मी म्हणालो.